पेशीतल्या हमालांचा जोर मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या शाळा-कॉलेजांमध्ये मी अधूनमधून मराठीतून बोलायला जातो. बोलणं पाऊण तासाचं आणि प्रश्न दीड तास, असा प्रकार असतो. बरेच प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. ज्या प्रश्नावर जीभ सुटते तिथे उत्तर लांबलं आहे, त्याला इलाज नाही.

तुम्ही नेमकं काय करता?

पेशीच्या आत ओझी वाहणारी प्रथिनं किती जोर लावतात, ते मोजतो. त्यांना मोटर प्रथिनं म्हणतात. आई तिच्या भिशीत "कॅन्सरवर संशोधन करतो" असं सांगते. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.

व्हॉट्सॲपवर तो दोन पायांवर चालणारा, मोठा गोळा ओढत नेणारा रेणू येतो. "आनंद मेंदूत असा चालत जातो" असं खाली लिहिलेलं असतं. खरं आहे का?

चालणारा खरा आहे, आनंद खोटा आहे. तो रेणू म्हणजे कायनेसिन, आणि गोळा म्हणजे मालानं भरलेली पिशवी. त्यात आनंद, एंडॉर्फिन वगैरे काही नाही. ते चित्र संगणकावर बनवलेलं आहे. माझी त्याबद्दल आणखी एक तक्रार आहे: ते फार शांत आहे. कायनेसिन असं सकाळी पर्वतीवर फिरायला आल्यासारखं ऐटीत चालत नाही. भोवतालचे पाण्याचे रेणू त्याला चारी बाजूंनी सतत ढकलत असतात. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या रविवारी चालून बघा, साधारण तसं. त्या धक्काबुक्कीतून ते पुढेच जातं, यातच सगळी गंमत आहे. पाऊल टाकताना मोकळा झालेला पाय इकडेतिकडे भरकटतो आणि पुढची जागा सापडली की तिथे चिकटतो. मागे जाण्यापेक्षा पुढे चिकटण्याची शक्यता फार मोठी, एवढीच काय ती 'दिशा'.

पेशी इतकी लहान असते. तिथे हमाल कशाला? माल आपोआप पसरणार नाही का?

हा मला सर्वात आवडणारा प्रश्न. बहुतेकदा तो आठवी-नववीची मुलं विचारतात, एमएस्सीची मुलं विचारत नाहीत.

पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो पसरतो. पण या पसरण्याचा एक वाईट नियम आहे: अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. पेशीच्या एका कडेपासून दुसरीकडे, म्हणजे दहा मायक्रोमीटर जायला एका लहान पिशवीला मिनिटभर पुरतं. चालून जाईल. पण आपल्या कमरेजवळ, मणक्यातून निघालेल्या एका चेतापेशीची शेपटी थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. जवळजवळ एक मीटर. एकच पेशी! तिचा बहुतेक माल वरच्या टोकाला तयार होतो आणि लागतो खालच्या टोकाला. तो नुसता पसरत जाऊ दिला, तर पोहोचायला हजारो वर्षं लागतील. कायनेसिन तोच माल दोनेक आठवड्यांत नेतं.

म्हणजे वेग किती?

एक पाऊल ८ नॅनोमीटरचं. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात, यावरून अंदाज करा. सेकंदाला सुमारे शंभर पावलं.

मुलांना मी असं सांगतो: कायनेसिन इतकं मोठं करा, की त्याचं पाऊल माणसाएवढं, ८० सेंटिमीटरचं होईल. मग त्याच मापानं ती एक मीटरची चेतापेशी एक लाख किलोमीटर लांब होईल, पृथ्वीला अडीच वेढे. आणि आपला हमाल ताशी सुमारे २९० किलोमीटर वेगानं, पाठीवर स्वतःपेक्षा कितीतरी मोठं ओझं घेऊन, तेवढं अंतर कापेल. (खरं म्हणजे एकच हमाल पूर्ण अंतर जात नाही. शंभरेक पावलांनंतर पाय सुटतो, मग दुसरा ओढतो.)

असे किती प्रकार आहेत?

तीन मोठी घराणी. मायोसिन ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांवर चालतं. आपले स्नायू त्याच्यावरच चालतात. कायनेसिन आणि डायनिन हे मायक्रोट्यूब्यूल नावाच्या, २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्यांवर चालतात. कायनेसिन बहुधा पेशीच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेला जातं, डायनिन बाहेरून आत. माणसात कायनेसिनची ४५ जनुकं आहेत, निरनिराळ्या मालासाठी निरनिराळी. आत येणारी जवळजवळ सगळी वाहतूक मात्र एकटं डायनिन सांभाळतं. नावांचा इतिहास थोडक्यात: डायनिन हे नाव १९६५ मध्ये आलं, केसांसारखे तंतू हलवून पोहणाऱ्या एका एकपेशीय जीवातून. कायनेसिन १९८५ मध्ये सापडलं, माखलीच्या जातीतल्या स्क्विडच्या जाडजूड चेतातंतूत.

यांचं पेट्रोल काय?

एटीपी. पेशीत ऊर्जा पुरवणारा हा एक छोटा रेणू. कायनेसिन एका पावलाला एक एटीपीचा रेणू खर्च करतं. हिशेब करून बघा: ते साधारण ६ पिकोन्यूटनपर्यंत (जोराचं फार बारीक माप, पुढे सांगतो) जोर लावतं, पाऊल ८ नॅनोमीटर, म्हणजे पावलामागे जास्तीत जास्त ४८ एकक काम. पेशीत एका एटीपीतून मिळते ८० ते १०० एकक ऊर्जा. म्हणजे निम्म्याच्या आसपास ऊर्जा कामी येते. तुमच्या स्कूटरचं इंजिन पेट्रोलच्या पाव ते तिसरा हिस्सा वापरतं, बाकी उष्णता.

एटीपी संपलं तर काय होतं, तेही सगळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त कारण माहीत नसतं. माणूस गेल्यावर काही तासांत देह ताठ होतो. मायोसिनला धागा सोडायला एटीपी लागतं. एटीपी नसलं की मायोसिन जिथे धरलंय तिथेच धरून बसतं. दिवस-दोन दिवसांनी प्रथिनं कुजायला लागली की पकड सैल पडते.

न दिसणाऱ्या गोष्टीचा जोर मोजता कसा?

प्रकाशाच्या चिमट्यानं. लेसरचा किरण भिंगातून एका बिंदूवर गोळा केला, की त्या बिंदूपाशी प्लॅस्टिकचा बारीक मणी अडकून राहतो. मणी बाजूला ओढला तर प्रकाश त्याला परत मध्ये खेचतो, स्प्रिंगसारखा. स्प्रिंग किती ताठ आहे ते आधी मोजून ठेवायचं. मग मोटरनं मणी किती सरकवला ते पाहिलं, की जोर कळला. आर्थर ॲश्किन यांनी हे तंत्र काढलं, आणि २०१८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा ते ९६ वर्षांचे होते. "आता या वयात काय करणार" म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो.

पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. एक सफरचंद हातावर ठेवलं की साधारण एक न्यूटन. इतका कमी जोर मोजायचा तर टेबल हवेवर तरंगतं ठेवावं लागतं, खोलीत कुणी दार आपटायचं नाही, एसीचा झोत यंत्रावर यायला नको. म्हणून आमची चांगली मोजमापं रात्री अकरानंतरची. गणपतीच्या आधीचे दोन महिने ढोल पथकांचा सराव चालतो तेव्हा संध्याकाळ धरून चालायचीच नाही. ढोल मला आवडतो, वादच नाही. पण आठ नॅनोमीटरला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

हे प्रोटीन आणता कुठून?

मटणाच्या दुकानातून. अगदी खरं. मायक्रोट्यूब्यूल ज्या प्रथिनापासून बनतात ते ट्यूब्युलिन मेंदूत भरपूर असतं, आणि भारतात बऱ्याच प्रयोगशाळा ते बकऱ्याच्या भेज्यातून काढतात. अट एकच: ताजं हवं. बकरा कापल्यापासून तासा-दीड तासात ते बर्फात आणि थंड द्रावणात पोहोचायला हवं. म्हणून पहाटे थर्माकोलचा डबा घेऊन जायचं. रिक्षावाले काका विचारतात, "काय आहे हो यात?" भेजे म्हटलं की पुढचं विचारत नाहीत, फक्त आरशातून बघत राहतात. आमचा खाटीक मात्र आता तज्ज्ञ झालाय. "आज तुमचे किती? प्रोटीनवाले?" असं विचारतो. गटारीच्या दिवशी त्याच्याकडे आमच्यासाठी वेळ नसतो, आणि पुढे श्रावणात माल कमी. वर्षाचं वेळापत्रक त्याप्रमाणे आखतो.

पुढची कृती स्वयंपाकासारखी आहे. ट्यूब्युलिन उबेत, ३७ अंशांना, जुळून नळ्या होतं. बर्फात ठेवलं की नळ्या विरघळतात. ऊब द्यायची, जोरात फिरवून नळ्या तळाला बसवायच्या, वरचं फेकायचं, थंड करायचं, गाळ फेकायचा, पुन्हा ऊब. दोन-तीन फेऱ्यांनंतर बऱ्यापैकी शुद्ध माल उरतो. माझी पहिली विद्यार्थिनी घरी पूर्ण शाकाहारी. पहिल्या दिवशी तिचा चेहरा बघवत नव्हता. महिन्याभरात तिचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा सफाईदार झाला.

एकाच पिशवीवर कायनेसिनही असतं आणि डायनिनही. मग ती जाते कुणीकडे?

यावर माझं निम्मं आयुष्य गेलंय, तेव्हा जरा बसा.

कायनेसिन एकटं ५-६ पिकोन्यूटन ओढतं. आपल्यासारख्या प्राण्यांचं डायनिन मोजलं, तर जेमतेम १ पिकोन्यूटनच्या आसपास. रस्सीखेच लावली तर डायनिन हरायलाच हवं. तरीही पेशीत पिशव्या आत येतात, आणि मोठ्या मोठ्या येतात. कशा?

पहिला धागा २००४ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या कामातून मिळाला. रूप मलिक त्याचे पहिले लेखक. ते पुढे मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आणि मग आयआयटी मुंबईत आले आणि २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. त्या कामात दिसलं ते असं: भार नसेल तेव्हा डायनिन २४ ते ३२ नॅनोमीटरची लांब पावलं टाकतं, भार वाढत गेला की पाऊल आखडत ८ वर येतं. घाट लागल्यावर आपण गियर खाली आणतो ना, तसं.

आता हे एकट्याचं झालं. दहा डायनिन एकाच पिशवीला जोडलेली असतील तर? सर्वात पुढच्यावर सर्वात जास्त भार, म्हणून त्याची पावलं आखूड. मागच्यांवर भार कमी, म्हणून त्यांची लांब. मागचे पुढच्याला गाठतात, सगळे एका जागी जमतात आणि भार वाटून घेतात. शिवाय डायनिनची दुसरी खोड: भार फार वाढला की त्याची पकड सुटायच्या ऐवजी घट्ट होते. कायनेसिनचं उलटं, जोर वाढला की ते नळी सोडून देतं. म्हणून कायनेसिन एकट्याचा पैलवान, आणि डायनिन टोळीचा गडी.

आषाढीच्या आधी दिवे घाटात उभं राहिलात तर हे डोळ्यांनी दिसतं. माउलींचा रथ हडपसरपर्यंत एका बैलजोडीवर येतो, पण घाटाला जादा जोड्या जुंपतात. सगळ्या जोड्यांनी एकाच वेळी ओढ घेतली तरच रथ हलतो. एक जोडी पुढे आणि एक मागे रेंगाळली तर उपयोग नाही.

आणि पिशवीवर या जोड्या जुंपतं कोण? हेही मलिक यांच्याच मुंबईतल्या गटानं दाखवलं, आणि पद्धत अशी सुंदर, की मला अजून हेवा वाटतो. जिवाणू गिळणाऱ्या पेशीला प्लॅस्टिकचा मणी खायला घालायचा. पेशी तो जिवाणू समजून गिळते, त्याच्याभोवती पिशवी तयार होते. मग पेशी जिवंत असतानाच तिच्या पोटातला तो मणी चिमट्यात धरायचा. सुरुवातीला पिशवी मागे-पुढे करत राहते. तिचं वय वाढलं की आवरणावर कोलेस्टेरॉलची बेटं तयार होतात, डायनिन त्या बेटांवर घोळक्यानं जमतं, आणि पिशवी सरळ आत निघते, जिवाणू पचवणाऱ्या रसाकडे. काळा आजाराचा परजीवी नेमकी हीच बेटं मोडणारं द्रव्य सोडतो.

रोगांशी याचा संबंध काय? (पालक हा प्रश्न "उपयोग काय?" असा विचारतात.)

रेबीजपासून सुरू करू, कारण गल्लीत कुत्री सगळ्यांच्याच आहेत. विषाणू चावलेल्या जागेवरून चेतातंतूत शिरतो आणि आत येणाऱ्या वाहतुकीत, म्हणजे डायनिनच्या गाडीत बसून मेंदूकडे जातो. त्याला स्वतःला चालता येत नाही. त्याच्या या प्रवासाला वेळ लागतो, म्हणून तर चावल्यानंतर दिलेली लस उपयोगी पडते. आणि म्हणूनच ती लगेच घ्यायची.

दुसरं, अंगणातली सदाफुली. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन निघतं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते देतात. ते मायक्रोट्यूब्यूल बनू देत नाही, त्यामुळे पेशी दुभागू शकत नाही. पण रस्ता खणला की त्या रस्त्यावरचं सगळंच बंद पडतं, हे पुणेकराला समजावून सांगायला नको. चेतापेशींतले रस्ते बिघडतात, सर्वात लांबच्या टोकांना आधी फटका बसतो, आणि हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणारी कळलावीचं कामही तसंच: तिच्यातलं कोल्चिसीन ट्यूब्युलिनलाच चिकटतं. गाऊट म्हणजे वातरक्तावर ते अगदी मोजक्या मात्रेत देतात. कळलावीचा कंद मात्र जीवघेणा विषारी आहे, ट्रेकला गेलात तर हात लावू नका.

केसांसारखे तंतू हलवणारं डायनिन जन्मतःच सदोष असेल तर श्वासनलिकेतले तंतू हलत नाहीत, सर्दी-खोकला हटत नाही, आणि अशा लोकांपैकी साधारण निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं! गर्भात डावं-उजवं ठरतं तेही अशाच तंतूंच्या हलण्यानं.

उपवासाचा आणि मोटर प्रथिनांचा संबंध आहे असं तुम्ही म्हणालात. चेष्टा होती का?

नाही. यकृताच्या पेशींत चरबीचे थेंब असतात. जेवल्यानंतर इन्सुलिन वाढतं, कायनेसिन त्या थेंबांवर चढतं आणि त्यांना पेशीच्या कडेला ओढतं. तिथून चरबी रक्तात जायची तयारी होते. उपाशी असताना शरीरातली चरबी यकृतात येऊन साठते. तेव्हा इन्सुलिन उतरलेलं असतं, थेंबांवरचं कायनेसिन कमी होतं, आणि चरबी एकदम रक्तात सुटत नाही. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपवास यात धरू नका. तो शुद्ध स्टार्च आहे; खाल्ला की इन्सुलिन वर.

तुम्ही भौतिकशास्त्राचे की जीवशास्त्राचे?

शिकलो भौतिकशास्त्र. बारावीला जीवशास्त्र सोडलं, कारण बेडकाच्या आकृत्या काढायचा कंटाळा. पंचविशीत पुन्हा अकरावीचं पुस्तक आणून वाचलं. चेतापेशीची आकृती तेव्हा मनापासून काढली. तुम्हाला सोडायचं नसेल तर चारही विषय ठेवा.

बारावीनंतर या वाटेला कसं लागायचं?

पुण्यात राहणाऱ्यांनी फार लांब बघायची गरज नाही. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे, २००६ पासून. बारावीनंतर त्यांची प्रवेश परीक्षा असते आणि पाच वर्षांचा बीएस-एमएस. किंवा साधी बीएस्सी, एमएस्सी करून नेट, गेट अशा परीक्षांतून पीएचडीला. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाण रोडलाच. कोणत्या संस्थेत, यापेक्षा कोणाच्या प्रयोगशाळेत, हे जास्त महत्त्वाचं. जायच्या आधी तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर कॅन्टीनला चहा घ्या. खरी माहिती तिथे मिळते.

पैसे मिळतात का?

पीएचडीला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० आणि घरभाडं वेगळं. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा. पैसे कधी कधी काही महिने उशिरा येतात, ही तक्रार खरी आहे आणि लाजिरवाणी आहे. कायमची नोकरी बहुतेकांना पस्तिशीच्या आसपास. तोवर वर्गमित्रांचे हिंजवडीत फ्लॅट झालेले असतात. हे लपवून कुणाला या क्षेत्रात ओढावं असं मला वाटत नाही.

परदेशात जावंच लागतं का?

जावंच असं नाही, बरेच जण जातात. मी चार वर्षं होतो. तिथे यंत्र बिघडलं की दुसऱ्या दिवशी माणूस येतो. इथे आपणच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. त्यामुळे यंत्र आतून कसं आहे ते मला इथेच कळलं.

मराठी माध्यमातून शिकलेल्याला जमतं?

मीही मराठी माध्यमाचाच. पहिलं वर्ष कान लाल होतात. नंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही.

तुमची सर्वात मोठी चूक?

डायनिनच्या नोंदीत मला एकदा ठरावीक काळानं येणारी एक सुंदर लाट दिसली. सात महिने मी तिच्यावर सिद्धान्त रचत होतो, एका परिषदेत पोस्टरही लावलं. मग एका रात्री वीज गेली, यंत्र बॅटरीवर चालू राहिलं आणि लाट गायब. शेजारच्या खोलीतल्या एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत होता, तेवढ्याच काळानं. तेव्हापासून मोटर न घालता नुसत्या मण्याची नोंद आधी घ्यायची, हा नियम दारावर चिकटवलाय.

हे घरी किंवा शाळेत बघता येईल का?

येईल, आणि चिमटाबिमटा काही लागत नाही. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीची फांदी आणा. कोवळं पान तोडून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर झाकणाची काच, आणि शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकात ४० च्या भिंगाखाली मधल्या शिरेजवळच्या पेशी बघा. सुरुवातीला हिरवे ठिपके गप्प असतील. दहा-पंधरा मिनिटं दिव्याच्या उजेडात राहू द्या. मग एकेक ठिपका पेशीच्या कडेकडेनं फेऱ्या घालायला लागतो. त्याला फिरवतं ते मायोसिन. थंडीत पाणी गार असेल तर ते हलणारच नाहीत. आधी कोमट पाण्यात पान ठेवा, पण हाताला सोसेल इतकंच कोमट.